दोष यंत्राचा कीं आमचा ?

घरांतील एखादी वस्तु बिघडली म्हणजे मनुष्याच्या मुखांतून जो पहिला प्रश्न बाहेर पडतो, तो 'ही कशानें बिघडली ?' असा नसून 'ही कोणीं बिघडविली ?' असाच बहुधा असतो. या दोन प्रश्नांत शब्दांचें अंतर थोडें, पण वृत्तीचें अंतर फार मोठें आहे. पहिला प्रश्न जिज्ञासेचा आहे, दुसरा फिर्यादीचा. पहिल्यांत विचारणारा स्वतःलाहि चौकशीच्या कक्षेंत घेतो. दुसऱ्यांत तो आधींच न्यायासनावर चढून बसलेला असतो, आणि आपणच आरोपी असण्याचा संभव आहे ही शंकाहि त्याच्या मनाला शिवत नाहीं. आम्हीहि या सामान्य नियमाला अपवाद नव्हतों. तो आसनावरून खालीं उतरण्याचा प्रसंग आमच्यावर एका लहानशा यंत्रानें आणला, आणि त्या प्रसंगांतून निघालेला प्रश्न आम्हांस इतका गंभीर वाटला कीं तो वाचकांपुढें मांडल्यावांचून राहवत नाहीं.

हें यंत्र म्हणजे लांकूड घासून गुळगुळीत करण्याचें विजेचें हातयंत्र. सुतार मंडळी त्याला 'सँडर' म्हणतात. हाताच्या मुठींत मावेल एवढा त्याचा माथा. त्याच्या आंत मोटार. खालीं सुमारें १२५ मिलिमीटर व्यासाची मऊ तबकडी. तबकडीला घासावयाचा पॉलिशपेपर वेल्क्रोनें चिकटवावयाचा. तबकडी स्वतःभोंवतीं फिरते, आणि त्याच वेळीं तिचा मध्यबिंदूहि दोन-तीन मिलिमीटरांच्या एका सूक्ष्म वर्तुळांत फिरत राहतो. हे फेरे मिनिटाला बारा हजारांच्या घरांत जातात. या दुहेरी गतीमुळें कागदाचा कोणताहि कण त्याच रेषेवरून पुन्हां पुन्हां जात नाहीं, आणि म्हणून लांकडावर ओरखडे उठत नाहींत. कागदाला व तबकडीला समोरासमोर भोकें असतात. आंतला पंखा त्या भोकांवाटे भुसा ओढून पाठीमागच्या पिशवींत टाकतो. सारी रचना इतकी सुटसुटीत आहे कीं ती शाळेंतील मुलासहि समजावी. आणि आमच्यासारख्या पदवीधराला ती चार वर्षें समजली नव्हती, हें मात्र आम्हांस कबूल केलें पाहिजे.

अशीं यंत्रें कारागिराच्या हातून गृहस्थाच्या हातीं आलीं, हा इतिहास फार जुना नाहीं. स्टुटगार्ट येथील फाइन यांच्या कारखान्यांत विजेचें पहिलें हातड्रिल १८९५ सालीं तयार झालें. अमेरिकेंतील पोर्टर-केबल कंपनीनें पट्ट्याचें, हातांत धरून चालविण्याचें सँडर १९२६ सालीं बाजारांत आणलें. पुढें वस्तु स्वस्त झाल्या, घरोघर वीज आली, आणि ज्या कामाला पूर्वीं सुताराला बोलवावें लागे तें काम रविवारच्या सकाळीं गृहस्थ स्वतः करूं लागला. यांत वाईट कांहींच नाहीं. परंतु एक गोष्ट या व्यवहारांत नकळत गळून पडली. सुताराच्या मुलाला जेव्हां बापाच्या हाताखालीं पटाशी मिळे तेव्हां तिच्याबरोबर ती पाजविण्याचा दगड, तो दगड भिजविण्याचें पाणी आणि धार गेल्यावर बसणारी बापाची चपराक, इतकें सर्व मिळे. आम्ही दुकानांतून बळ विकत आणलें. त्या बळाला आवर घालणारी समज दुकानांत विक्रीला नव्हती, आणि ती आपल्याजवळ नाहीं हेंहि आम्हांस कळलें नाहीं.

आतां प्रसंग सांगतों. आमची कन्या पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली होती. घरांत सागवानी पाळणा आहे. त्यांत आम्ही स्वतः निजलों, आमचीं भावंडें निजलीं, पुढें ही कन्याहि निजली. तिच्या जन्मापूर्वीं आम्हींच त्याला मोठ्या हौसेनें हिरवा तेलरंग दिला होता. तो आतां ठिकठिकाणीं पोपडे धरून सुटूं लागला होता. म्हणून तो खरवडून, लांकूड घासून, नातवंडाच्या बारशापूर्वीं पाळणा नवा करावा असा आम्हीं बेत केला. सँडर खुंटीवरून काढलें. पाळणा मागच्या पडवींत ठेवला. पडवीला लागूनच कन्येची खोली.

एक बाजू जेमतेम घासून झाली असेल नसेल, तों यंत्रानें त्रास द्यावयास आरंभ केला. तें मध्येंच थांबे, हलविलें म्हणजे पुन्हां चाले. लांकडावर टेकवून जरा जोर दिला कीं गति मंद होई. उचललें कीं तबकडी पिसाट वेगानें गरगरे, आणि पुन्हां टेकवतांच लांकडावर चंद्रकोरीसारखा ओरखडा काढी. घासण्याचे कागद तबकडीवरून निसटून भिरभिरत अंगणांत जाऊन पडत. भुसा पिशवींत कमी आणि पडवींत अधिक. आम्ही संतापलों. हल्लींचे कारखानदार कसे लबाड आहेत, पूर्वींच्या वस्तु कशा पिढ्यान्‌पिढ्या टिकत, यांवर आम्हीं एक लहानसें व्याख्यान दिलें. दुकानदाराला विचारलें तों तो म्हणाला, "याची दुरुस्ती कशाला करता ? नवीन घ्या." हें ऐकून आमच्या मताला पुष्टीच मिळाली. इतक्यांत कन्येनें दारांतून विचारलें, "बाबा, त्याच्याबरोबर आलेली पुस्तिका तुम्ही कधी वाचली होती का ?"

पुस्तिका सांपडली. ती जशी आली तशीच, दोऱ्यासह, कपाटांत होती.

तरीहि पुस्तिकेवर विसंबण्याचा धीर होईना, म्हणून ओळखीच्या एका वृद्ध मिस्त्रींना बोलाविलें. त्यांनीं यंत्राला हात लावण्यापूर्वीं प्रथम त्याची पिन भिंतींतून काढली. मग त्याच ठिकाणीं टेबलावरचा दिवा लावून पाहिला. दिवा लागला; म्हणजे वीज येत होती. पुन्हां यंत्र जोडून, तबकडी वर धरून, दोर मुळाशीं हळूच वांकवून पाहिला. चालण्यांत फरक पडला नाहीं. म्हणजे दोराची तार तुटली नव्हती. आपल्या न्यायशास्त्रांत ज्याला अन्वयव्यतिरेक म्हणतात, म्हणजे कारण असतां कार्य असणें आणि कारण नसतां कार्य नसणें, त्याचा हा शुद्ध प्रयोग आमच्या पडवींत चालला होता. आणि प्रयोग करणाऱ्याला त्याचें संस्कृत नांव ठाऊक असण्याची कांहीं एक गरज नव्हती.

पिन पुन्हां काढून त्यांनीं मोटारीच्या दोन्ही बाजूंच्या टोप्या उघडल्या आणि आंतून दोन काळे तुकडे काढून आमच्या तळहातावर ठेवले. याला कार्बन म्हणतात. फिरणाऱ्या भागाला वीज पोंचविण्याचें काम हे दोन तुकडे स्प्रिंगच्या दाबानें त्यावर टेकून करतात; टेकतात म्हणून झिजतात. ते झिजून आंखूड झाले कीं स्प्रिंगचा दाब पुरत नाहीं, स्पर्श तुटक होतो, ठिणग्या वाढतात आणि यंत्र थांबत थांबत चालतें. ते झिजावेत अशीच योजना आहे. मोटार वांचावी म्हणून ते स्वतः खर्ची पडतात. ठराविक काळानें तपासावे आणि झिजेच्या खुणेपर्यंत आले कीं जोडीनें बदलावे, एवढीच त्यांची अपेक्षा. त्या जोडीची किंमत पाहुण्यांच्या एका वेळच्या चहाफराळाइतकीहि नव्हती.

"ठिणग्या जास्त दिसत होत्या का, साहेब ?" मिस्त्रींनीं विचारलें. दिसत होत्या. गेले कित्येक महिने दिसत होत्या. बेगडासारख्या चमकतात म्हणून आम्हीं शेजारच्या मुलांना त्या कौतुकानें दाखविल्याहि होत्या. आपल्या वैद्यकांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. त्यांतलें पूर्वरूप म्हणजे रोग पुरता प्रकट होण्याच्या आधींचीं चिन्हें. यंत्रानें आपलें पूर्वरूप आम्हांस दाखविलें होतें; आम्हीं त्याची करमणूक केली.

बाकीचें निदान भराभर झालें. उचलतांच तबकडी पिसाट फिरते, कारण तबकडीच्या वर तिचा स्वैर वेग आवरणारी जी रबरी कडी असते ती झिजून गेली होती. कागद निसटतात, कारण वेल्क्रोचे बारीक आंकडे उष्णतेनें वितळून बोथट झाले होते. आणि उष्णता झाली, कारण यंत्र हलकें धरावयाचें असतां आम्ही सारा अंगभार त्यावर टाकीत असूं. जोरानें दाबलें म्हणजे काम लवकर होतें ही समजूत कित्येक संसारांचाहि नाश करते. यंत्राचा तर करतेच. दाबल्यानें फेरे मंदावतात, मोटार तापते आणि लांकडावर भोंवऱ्यासारखे ओरखडे उमटतात. कागद लावतांना त्याचीं भोकें तबकडीच्या भोकांशीं जुळवावीं लागतात हें आम्हांस माहीतच नव्हतें. म्हणून भुसा ओढला न जातां कागदाखालींच दळला जात होता. पिशवी निम्मी भरण्याच्या आंतच झाडावयाची. आमची इतकी ठासून भरली होती कीं ती एका बाजूस उसवली होती. बेअरिंग किंचित् कुरकुरत होतें. त्यावर आम्हीं एकदां खोबरेल तेल सोडलें होतें, तें भुशाशीं मिळून त्याचा चिखल झाला होता. असलें बंद बेअरिंग तेल घालण्यासाठीं नसतें. खराब झालें तर बदलावयाचें असतें.

तासाभरानें हिशेब पुरा झाला. सहा तक्रारी, आणि सहांचें मूळ आमच्या हातांत. ज्या कारखानदाराविरुद्ध आम्हीं सकाळीं व्याख्यान दिलें होतें त्याच्यावर एकहि कलम शाबीत झालें नाहीं.

येथवर ही हंसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट होती, आणि आम्हीं तशी नेलीहि असती. परंतु मिस्त्री निघतांना पाळण्याकडे पाहून म्हणाले, "हा रंग कधीचा ?" आम्हीं कन्येच्या जन्मवर्षाचा हिशेब सांगितला. ते थोडे थांबले. "जुना तेलरंग सुका घासत नाहीत, साहेब. त्यात शिसं असतं." आणि त्यांनीं खोलीच्या उघड्या दाराकडे पाहिलें.

जुन्या तेलरंगांत शिशाचीं संयुगें घालीत, कारण त्यांनीं रंग चमकदार होतो, लवकर वाळतो आणि टिकतो. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशाला दहा लक्ष भागांत ९० भाग अशी कायद्याची मर्यादा घालणारे नियम २०१६ सालीं झाले आणि पुढच्या वर्षापासून अमलांत आले. त्यापूर्वींच्या रंगाविषयीं संशय धरणें हेंच शहाणपण. असा रंग यंत्रानें सुका घासला म्हणजे त्याची इतकी सूक्ष्म धूळ होते कीं ती दिसत नाहीं, पण श्वासावाटे आणि हातातोंडावाटे शरीरांत जाते. शरीर शिसें हाडांत सांठवून ठेवतें. गर्भारपणांत तें हाडांतून पुन्हां रक्तांत उतरतें आणि गर्भापर्यंत पोंचतें. एकाच मार्गानें पोटांत गेलेल्या शिशाचा अंश लहान मूल प्रौढापेक्षां चौपट-पांचपट अधिक शोषून घेतें. शिशाचें अमुक प्रमाण निर्धोक आहे असें म्हणतां येत नाहीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निर्वाळा आहे. रंग नसलेल्या लांकडाची धूळहि निरुपद्रवी नव्हे. कर्करोगाच्या संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था १९९५ सालींच तिला मनुष्यांत कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत घालून मोकळी झाली आहे. पिशवी अखंड असती तरी असली धूळ तिच्यानें पुरती अडली नसती. आमची तर उसवलेली होती, आणि दार उघडें होतें.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून पडवी आणि खोली ओल्या फडक्यांनीं पुसून काढली, कोरडा केर मुळींच काढला नाहीं, कपडे आणि पडदे वेगळे धुतले. रंगाचा एक पोपडा प्रयोगशाळेंत पाठविला. त्यांत शिसें निघालें. कन्येचें रक्त तपासविलें. डॉक्टरांनीं अंक पाहून काळजीचें कारण नाहीं असें सांगितलें, आणि यथाकाल ती सुखरूप मोकळी झाली. म्हणजे कांहींच वाईट घडलें नाहीं. मग आम्हीं कांहीं वाईट केलें काय ?

हाच तो प्रश्न. जगाच्या व्यवहारांत त्याचें उत्तर 'नाहीं' असें आहे. आमच्या घरांतील मंडळी तेंच म्हणतात : झालें गेलें, देवानें सांभाळलें, तुम्हांस काय ठाऊक होतें ? या समाधानाला दोन पाय आहेत. एक, परिणाम चांगला झाला. दुसरा, आम्हांस माहीत नव्हतें. दोन्ही पाय किती बळकट आहेत तें पाहूं.

इंग्रज गणितज्ञ व तत्त्वचिंतक विल्यम किंग्डन क्लिफर्ड यानें १८७७ च्या जानेवारींत 'कंटेंपररी रिव्ह्यू' या मासिकांत विश्वासाच्या नीतीविषयीं एक निबंध लिहिला. त्यांत तो एका जहाजमालकाचें उदाहरण घेतो. जहाज जुनें झालेलें आहे, त्याची डागडुजी पुष्कळदां झालेली आहे, आणि देशांतराला निघालेलीं कुटुंबें त्यांत बसावयाचीं आहेत. तें तपासून घ्यावें असें मालकाच्या मनांत येतें. पण खर्च होईल म्हणून तो मनाची समजूत घालतो कीं इतक्या सफरी झाल्या, हीहि होईल. शेवटीं त्याला जहाज सुरक्षित असल्याचा प्रामाणिक विश्वास वाटूं लागतो. जहाज बुडतें. क्लिफर्ड म्हणतो, तो दोषी आहे. त्याचा विश्वास प्रामाणिक असला तरी त्याला तो बाळगण्याचा अधिकार नव्हता, कारण तो चौकशी करून मिळविलेला नसून शंका दाबून मिळविलेला होता. आणि मग तो पुढें विचारतो : समजा, जहाज सुखरूप पोंचलें, मालकाचा दोष तेवढ्यानें कमी झाला काय? त्याच्या मतें तिळभरहि नाहीं. कृत्य ज्या क्षणीं झालें त्याच क्षणीं तें योग्य कीं अयोग्य हें ठरून गेलें. पुढचें नशीब त्यांत फरक करूं शकत नाहीं.

हें मत फार कठोर आहे, आणि सर्वांस तें मान्य नाहीं. १९७६ सालीं बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोघांनीं नैतिक सुदैवाचा प्रश्न नव्यानें चर्चेला आणला. बेफिकिरीनें गाडी हांकणाऱ्या दोघांपैकीं एकाच्या वाटेंत मूल आलें आणि दुसऱ्याच्या आलें नाहीं, तर जग पहिल्याला अधिक दोष देतें. पहिला स्वतःलाहि अधिक दोष देतो. आणि ही भावना केवळ भ्रम म्हणून झटकून टाकतां येत नाहीं. आम्हीहि ती झटकूं इच्छीत नाहीं. कन्येला कांहीं झालें असतें तर आमचें उरलेलें आयुष्य निराळें झालें असतें, हें निर्विवाद आहे. परंतु यावरून इतकेंच ठरतें कीं आम्ही सुदैवी आहों. सुदैवी असणें आणि निर्दोष असणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आणि सुदैवाचें खरें ऋण हें कीं ज्याच्या वांट्याला तें येतें त्याला शोकानें व्याकुळ न होतां आपला दोष शांतपणें पाहण्याची सवड मिळते. ही सवड जो वायां घालवितो त्यानें सुदैवाचा उपयोग पुढच्या दुर्दैवाची तयारी करण्याकडे केला असें म्हणावें लागेल.

आतां दुसरा पाय, अज्ञानाचा. 'ठाऊक नव्हतें' हें वाक्य खरें आहे. पण अज्ञान एकाच जातीचें नसतें. आरिस्टॉटल आपल्या नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागांत सांगतो कीं ज्याच्या अज्ञानाला तो स्वतःच कारण आहे त्याला कायदे करणारे शिक्षा करतात. दारूच्या धुंदींत केलेल्या गुन्ह्याला तर दुप्पट दंड असे, कारण न पिणें त्याच्या हातांत होतें. हा भेद आमच्या पाळण्याला लावून पाहिला असतां फार उद्‌बोधक होतो. त्या पाळण्याच्या बाबतींत आमचें अज्ञान दोनदां कामाला आलें. कन्येच्या जन्मापूर्वीं आम्हीं तो रंग दिला तेव्हां डब्यावर कसली सूचना नव्हती, दुकानदार बोलला नाहीं, कायद्याचें बंधन नव्हतें, शेजारीं सर्वांचे पाळणे त्याच रंगाचे होते. त्या वेळीं आमच्यासारख्या साध्या गृहस्थाला हें कळण्याचा मार्ग सहज सांपडण्यासारखा नव्हता. त्या कृत्याबद्दल आम्हांस दुःख होतें, पण अपराधी वाटत नाहीं. तोच रंग आज आम्हीं घासला तेव्हां मात्र ज्ञान आमच्यापासून कपाटाच्या दाराइतकें दूर होतें. पुस्तिकेंत जुन्या रंगाविषयीं सूचना होती. भुशाच्या पिशवीविषयीं होती. नाकावर मुखपट्टी बांधण्याविषयीं होती. दोरा सोडण्याचे श्रम आम्हीं घेतले नाहींत. पहिलें अज्ञान परिस्थितीचें होतें. दुसरें आम्हीं पाळलेलें होतें. मनुष्य पुष्कळशीं अज्ञानें कुत्र्यामांजरांसारखीं पाळतो, कारण तीं सोयीचीं असतात.

म्हणून आमचा निष्कर्ष असा कीं जाणणें ज्याच्या हाताशीं होतें त्याचें न जाणणें हेंच त्याचें कृत्य होय. आणि तें कृत्य किती मोठें, हें आपण हातांत घेतलेल्या बळावरून ठरतें. ज्याच्या हातीं साधा कागद आहे त्याची निष्काळजी लहान. ज्याच्या हातीं मिनिटाला बारा हजार फेरे आहेत त्याची निष्काळजी त्या मानानें मोठी. निगा राखणें हा शब्द आपण स्वच्छतेच्या किंवा काटकसरीच्या सदरांत घालतों. त्याची खरी जागा नीतीच्या सदरांत आहे. निगा म्हणजे आपल्या बळाचे परिणाम घडण्यापूर्वीं पाहून ठेवण्याची संवय.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. कोणी म्हणेल, हा सर्व उपदेश गृहस्थालाच कां ? दुकानदार 'नवीन घ्या' म्हणतो, सुटे भाग मिळत नाहींत, कित्येक वस्तु उघडतांच येऊं नयेत अशा रचलेल्या असतात. त्यांच्या मालकाला निगेचा धडा शिकविणें म्हणजे बांधलेल्या माणसाला पळावयास सांगणें होय. या आक्षेपांत सत्य आहे. जो कारखानदार दहा वर्षें टिकणारी मोटार करतो आणि दोन वर्षांनीं तिचे कार्बन बाजारांतून नाहींसे करतो, तो आपल्या ग्राहकाचें अज्ञान जाणूनबुजून पोसतो. जगाला हें आतां कळूं लागलें आहे. फ्रान्सनें २०२१ सालापासून कांहीं वस्तूंवर त्या कितपत दुरुस्त होतात याचा गुणांक छापण्याची सक्ती केली. आपल्या सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें २०२२ सालीं दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं समिति नेमली. युरोपीय संघानें २०२४ सालीं याविषयीं निर्देश काढला. हा हक्क मिळालाच पाहिजे. परंतु हक्क मिळाल्यानें संवय मिळत नाहीं. आमच्या यंत्राचा प्रत्येक भाग मिळत होता. तबकडी तीन-चार स्क्रूंनीं सुटत होती, कार्बनाची टोपी साध्या पेंचकसानें उघडत होती. दार उघडें होतें. आम्हीच आंत गेलों नाहीं.

आणखी एक विचार सांगून हा लेख आवरतों. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. गेलीं चार वर्षें त्या सँडरलाहि पाटावर बसवून, हळदकुंकू लावून, झेंडूचें फूल वाहून आम्हीं मनोभावें नमस्कार केला. मिस्त्रींनीं तें उघडलें तेव्हां हवा आंत घेण्याच्या फटींत भुशाबरोबर वाळलेलें कुंकूहि निघालें. तें पाहून आम्हांस जितकी लाज वाटली तितकी उसवलेली पिशवी पाहूनहि वाटली नव्हती. पूजा खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. कारागिराच्या घरीं ती वर्षभराच्या निगेचा शेवटचा दिवस असते. आदल्या दिवशीं तो प्रत्येक हत्यार उकलतो, पुसतो, पाजवितो, आणि मगच फूल वाहतो. आम्हीं शेवटचा दिवस तेवढा घेतला आणि त्याच्या पाठीमागचें वर्ष टाकून दिलें. वस्तूंच्या बाबतींत हें झालें. माणसांच्या बाबतींत आपण निराळें वागतों काय, याचा विचार ज्यानें त्यानें आपल्या घरीं करावा. वाढदिवसाला हार घालून वर्षभर विचारपूस न करणारे आम्हीच एकटे नसूं.

यंत्राला आतां नवे कार्बन, नवी तबकडी आणि नवी कडी बसविली आहे. काम झालें कीं पिन काढावी, पिशवी बाहेर झाडावी, फटींतील भुसा कुंच्यानें काढावा. दर महिन्याला टोप्या उघडून कार्बन पाहावे. हें सर्व एका कागदावर लिहून तो कागद आम्हीं खुंटीजवळ लावला आहे. पुस्तिकेचा दोरा टाकून दिला. यंत्र इतकें हलकें चालतें कीं आपण पूर्वीं कशाशीं झगडत होतों याचें नवल वाटतें.

पाळणा मात्र तसाच आहे. उरलेला रंग सुका घासावयाचा नाहीं. तो रसायनानें मऊ करून, ओला ठेवून, घराबाहेर माहितगाराच्या हातून काढवून घेतल्यावरच आम्ही त्याला हात लावूं. नातीचें बारसें शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या पाळण्यांत झालें. आमचा पाळणा माडीवर प्लास्टिकांत गुंडाळून ठेवलेला आहे. त्याची एक बाजू उघड्या सागवानाची आणि तीन बाजू हिरव्या. येणारेजाणारे विचारतात, एवढा चांगला पाळणा अर्धवट कां टाकला ? यंत्र बिघडलें म्हणून, असें सांगणें सोपें आहे, आणि एकदोनदां तें आमच्या ओठांवर आलेंहि. हल्लीं आम्ही खरें कारण सांगतों.